डावा तळहात

मानवजातीचा अंत दर वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी अकरा वाजता होतो. त्यानंतर सॉसेज आणि पाव मिळतात.

अंताची जागा गावाबाहेर, लाल मातीतल्या एका कोरड्या विहिरीपाशी. ‘कोरडा तारा’ या सिनेमाच्या पहिल्या भागात नायकाला आपली आई तिथं मेलेली सापडते. सिनेमात ते दृश्य अकरा सेकंदांचं आहे. चाहत्यांच्या मेळाव्यात त्यासाठी अकरा मिनिटं मौन पाळतात, कारण अकरा सेकंदांसाठी सिडनीहून हजारभर किलोमीटर गाडी हाकणं लोकांना पटत नाही.

सिनेमातली ती आई म्हणून सगळे जिला ओळखत ती नोरीन पॅस्को, वय शहात्तर, गावच्या पोस्टातून निवृत्त. एकवीस वर्षं ती प्रत्येक मेळाव्यात मरत आली होती. चिंध्यांचा झगा, तोंडाला राख, मिटलेले डोळे आणि आकाशाकडे उघडा डावा तळहात. त्या तळहातावर चाहत्यांचा फार जीव. काहींच्या मते ती पाणी मागते, काहींच्या मते क्षमा. यावरून एक लग्न मोडलं होतं.

“मावशी, पाठीखाली काही घालू का?” भाची केरिननं विचारलं. मेळाव्याची सगळी व्यवस्था तिच्याकडे.

“मेलेल्यांना उशी कशाला गं?” म्हणत नोरीन आडवी झाली.

घंटा वाजली. विहिरीभोवती बांधलेल्या दोरीपलीकडची चारशे माणसं गप्प झाली.

चौथ्या मिनिटाच्या सुमारास नोरीनचा डावा हात नाहीसा झाला. दुखला नाही, मुंग्या आल्या नाहीत. खांद्याच्या पुढं काही उरलंच नाही. मातीत काहीतरी थप्प वाजलं, तेव्हा तिला कळलं की तळहात पालथा पडला.

तिनं केरिनला हाक मारली. म्हणजे मारायचं ठरवलं. जीभ तोंडात ओल्या मोज्यासारखी पडून होती. एक डोळा उघडलाच नाही. दुसरा जरासा किलकिला झाला, त्यात ऊन आणि राख शिरली. ओठावर एक माशी येऊन बसली. ती फुंकरीनं उडेना, कारण फुंकर निघेना.

“बघ, माशीसुद्धा फसली,” दोरीपलीकडून कुणीतरी कौतुकानं कुजबुजलं.

काहीही झालं तरी दोरी ओलांडायची नाही, हा नियम नोरीननंच घातला होता. दुसऱ्या वर्षी एका भाबड्या पोरीनं आत येऊन “आजी, बऱ्या आहात ना?” विचारलं होतं. नोरीननं मेल्यामेल्या तिला असं झापलं, की पुन्हा कुणाची छाती झाली नाही. ते तिला आता आठवलं. तिची स्वतःची आई अशीच गेली होती, स्वयंपाकघरात. चुलीवरच्या किटलीतलं पाणी आटून किटली जळायला लागली, तेव्हा घरात कळलं.

अजून सहा मिनिटं तरी होती.

“हात चुकलाय.”

हा आवाज लिंडसेचा. लिंडसे अॅडलेडच्या दुकानांतली वजनमापं तपासायचा, आणि मेळाव्यात सिनेमातले कपडे घालून आलेली माणसं. तुझा पट्टा दुसऱ्या भागातला आणि बूट तिसऱ्यातले, हे तो ज्याला त्याला सांगत फिरे. लोक त्याला टाळत.

“श्श!”

“तळहात वर पाहिजे. तो पालथा आहे.”

“मौन चाललंय, लिंडसे,” केरिन दात आवळून म्हणाली. “म्हातारी दमली असेल. एक दिवस तरी गप बस की रे!”

“एकवीस वर्षांत आई एकदाही चुकल्या नाहीत. माझ्याकडे दर वर्षीचे फोटो आहेत.”

“तुझ्या घरी दुसरं कुणी नाही का रे बोलायला?”

“नाही,” लिंडसे म्हणाला. “पण तो पालथा आहे.”

कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याला मागं ओढलं असावं, कारण बूट घसटल्याचा आवाज आला. भांड, नोरीन मनात म्हणत होती, भांड बाबा, थांबू नकोस.

लिंडसे थांबला.

आता फक्त वारा होता आणि माशी. आपण काही मिनिटांत खरोखरच सिनेमातल्यासारखं दिसणार आहोत, आणि लोक टाळ्या वाजवणार आहेत, हे नोरीनला स्वच्छ दिसलं.

मग दोरी करकरली. चारशे माणसांनी श्वास ओढला. लिंडसे गुडघ्यांवर बसला, त्यानं तिचा तळहात उताणा केला, बोटं नीट लावली आणि हात सोडला. तळहात पुन्हा पालथा झाला. त्यानं तो पुन्हा उताणा केला. मग तिच्या अर्ध्या उघड्या डोळ्यात वाकून पाहिलं.

“केरिन,” तो म्हणाला. एवढ्या हळू आवाजात तो कधी बोलला नव्हता. “यांनी माशी हाकलली नाही.”

आडगावांसाठी असलेलं डॉक्टरांचं विमान चाळीस मिनिटांत आलं.

नवव्या दिवशी अॅडलेडच्या इस्पितळात नोरीन अर्ध्या तोंडानं बोलू लागली. लिंडसे उशाशी बसला होता, रोजच्यासारखा.

“त्या सिनेमात मी नाहीये,” ती म्हणाली. “मला शिंका थांबेनात. मग मला बाजूला बसवलं, आणि कापडदुकानातली माणसाएवढी बाहुली झोपवली.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. मनगटाला जोड दिसतो.”

“आणि तरी दर वर्षी येतोस? गाढवा!”

“बाहुली तशीच पडून राहते, आई. तुम्ही नंतर उठायचात. उठून सॉसेज भाजायचात.”

नोरीननं मान त्याच्याकडं वळवली.

“त्या बाहुलीचा तळहात वर का होता, ते माहितीये?”

लिंडसे पुढं सरकला. त्यानं खिशातून वही काढली. “पाणी की क्षमा?”

“हात घाईत उलटा बसला होता,” नोरीन म्हणाली. “आणि जेवायची सुट्टी झाली होती.”