आडनाव आधी

कारी ओल्सनने दुकानातून लोकरी पायमोजे चोरले होते. संगणकाच्या पडद्यावर तसं स्वच्छ लिहिलं होतं.

इन्ग्रिड नेल्सनने ती ओळ पुन्हा वाचली. सोमवारी तिला इस्पितळाच्या औषध विभागात पुन्हा रुजू व्हायचं होतं. रजा एकदा वाढवून झाली होती. आता गेली नाही तर जागा दुसऱ्याला. लहानग्या लीफला सांभाळायला आलेल्या मुलींपैकी एकीला तिने सिगारेटच्या वासावरून परत पाठवलं होतं, एकीला सारखी फोनमध्ये डोकं घालते म्हणून, आणि एकीला उगीचच फार हसते म्हणून. आता गावात फक्त पाद्री उरलाय, त्याला विचारू का, असं नवऱ्याने विचारून झालं होतं.

राहता राहिली कारी. कारी तिला आवडलीही होती. लीफने तिचा लाल हातमोजा चोखून चोखून ओला केला, तरी ती नुसती हसली होती, तेही बेताचं. आईने विणलेत, म्हणाली होती. त्यावरची आईची चांदणी कायम वाकडीच येते.

आणि आता हे पायमोजे.

न्यायालयाच्या तळघरातल्या त्या खोलीत खिडकीमागे ड्वेन नावाचा कारकून बसत असे. कोण, कुठली, कशाला हवंय, असलं काही तो विचारत नसे. खटल्याच्या नोंदी सगळ्यांसाठी उघड्या. चिठ्ठीवर खटल्याचा क्रमांक लिहून द्यायचा आणि थांबायचं. नक्कल तयार झाली की फाइलीवरचं नाव पुकारलं जाईल, अशी पाटीच होती.

"जन्मतारीख बघितलीत?" ड्वेनने मान वर न करता विचारलं.

तिने बघितली नव्हती.

"बघा मग. या काउंटीत खडा मारला तर ओल्सनला लागतो. चुकला तर नेल्सनला."

इन्ग्रिडने बघितली. पायमोजेवाली कारी ओल्सन साठीला टेकली होती. पुन्हा शोधलं, फौजदारीत, दिवाणीत, वाहतुकीच्या दंडातही. तिच्या कारीच्या नावावर काही म्हणजे काही नव्हतं. इन्ग्रिडने श्वास सोडला.

ती उठणार तेवढ्यात शेजारच्या संगणकावर बसलेल्या बाईंनी विचारलं, यात नाव घालायचं कसं. पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या बाई होत्या. मांडीवर डबा होता, त्यात खजुराच्या वड्या. आधी वडी पुढे केली, मग प्रश्न.

आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव, इन्ग्रिडने सांगितलं. बाईंनी एका बोटाने नाव टंकलं, आणि इन्ग्रिड वाकून बघणार तोच पडद्याच्या त्या कोपऱ्यावर डब्याचं झाकण धरलं.

"नाव नको गं बघूस. उद्या चर्चमध्ये शेजारी बसायची वेळ आली तर?"

इन्ग्रिडला हे पटलं. कुणाचा गुन्हा बघावा, नाव बघू नये.

"माझी लेक एका बाईच्या घरी जायचीय," बाई हळूच म्हणाल्या. "रोज तिच्या नजरेखाली राहायचं. पोर साधी आहे. म्हटलं, आधी घर बघावं."

सासू, इन्ग्रिडने मनाशी म्हटलं. स्वतःची सासू डोळ्यांसमोर येऊन तिने दुसरी वडी घेतली.

झाकणाखालून एकेक खटला निघू लागला. दारू पिऊन बर्फ उपसायचं यंत्र हमरस्त्यावर चालवलं. शेजाऱ्याची मासेमारीची टपरी गोठलेल्या तळ्यावरून ओढून आपल्या अंगणात आणली. समन्स घेऊन आलेल्या पोलिसाला गोठलेला मासा फेकून मारला.

"मासा कुठला, ते लिहिलंय का?" इन्ग्रिडने विचारलं.

"पाईक."

"अगं बाई. म्हणजे चांगलाच मोठा."

बाईंचा चेहरा उतरला होता. तारीख जुळवायची असते ना, त्यांनी विचारलं. मघाशी खिडकीतला माणूस कुणाला तरी सांगत होता.

"तुम्हाला त्या बाईंची जन्मतारीख माहीत आहे?"

"छे. मी तिला पाहिलेलंही नाही."

"मग कशाशी जुळवणार?" इन्ग्रिड खुर्ची सरकवून जवळ आली. ही गोष्ट तिच्या अगदी जिव्हाळ्याची होती. "हे बघा, मीही आईच आहे. पोटच्या पोराची गोष्ट असली की संशय फुकट मिळतो, पस्तावा मात्र महाग पडतो. मी तुमच्या जागी असते ना, तर या बाईच्या पायरीवर माझं मांजरसुद्धा पाठवलं नसतं."

बाईंनी डोळे टिपले. पण लेकीने शब्द दिलाय, म्हणाल्या.

"शब्द त्या मासेवालीला दिलाय ना? मग मोडा. आत्ताच फोन करा. आणि नक्कल घ्या, साधी नाही, शिक्क्याची. मुलगी हट्टाला पेटली तर समोर धरता येते."

बाई आज्ञेत असल्यासारख्या उठल्या. चिठ्ठी खिडकीत देऊन जिन्यात गेल्या आणि परतल्या त्या हलक्या होऊन. लेक रडली, म्हणाल्या. त्या घरातलं बाळ तिला फार आवडलं होतं म्हणे. पण ऐकलं शेवटी. आईचं ऐकणारी आहे.

बाळ म्हणजे दीर असेल धाकटा, की मोठ्या सुनेचं, असा विचार इन्ग्रिड करतच होती, तेवढ्यात बाईंनी तिला घट्ट मिठी मारली. उरलेल्या वड्या कागदात बांधून तिच्या खिशात कोंबल्या आणि म्हणाल्या की तुझ्यासारखी सगळ्या पोरांना आई मिळो. दोघींनी कोट चढवले. बाईंनी टोपी कानांवर ओढली, खिशातले हातमोजे काढून घातले.

खिडकीत शिक्का आपटल्याचा आवाज झाला.

"नेल्सन," ड्वेनने पुकारलं. "इन्ग्रिड नेल्सन."

"मीच," इन्ग्रिड सवयीने म्हणाली, आणि खिडकीत दोन हात एकदमच गेले: एक तिचा, उघडा, आणि एक लाल लोकरीतला, वाकड्या चांदणीचा.