तोफ लपवायची कुठं?

“आता बसून बघा,” रॉस्को म्हणाला.

व्हर्ना स्टुलावर बसली आणि कळवळून उठली. “अगं आई गं! रिव्हॉल्व्हरची नळी मांडीत घुसतेय. उभं राहिलं की बरं वाटतं, पण मी काय दिवसभर घोड्यासारखी उभी राहू?”

“मग कमरेचं होल्स्टर नाही चालायचं.” रॉस्कोनं कातडी पट्टा सोडवून घेतला.

रॉस्को घोड्यांची खोगीरं शिवायचा, तशी रिव्हॉल्व्हर अंगाला अडकवायची कातडी होल्स्टरंही. आणि व्हर्नानं आणलेल्या रिव्हॉल्व्हरला तर सगळं गाव ‘हँकची तोफ’ म्हणायचं. हँक म्हणजे तिचा नवरा. जाऊन सहा वर्षं झाली. तोफ इतकी जड, की एकदा ट्रकचं टायर बदलताना जॅक मोडला तेव्हा हँकनं म्हणे हीच खाली सरकवली. खरंखोटं मोंटानातल्या अस्वलांना ठाऊक.

“पण लपवायची कशाला?” रॉस्कोनं विचारलं. “आपल्याकडं लोक कमरेला लटकवून दूध आणायला जातात.”

“ड्वेनला विचारा!”

ड्वेन तिचा एकुलता एक मुलगा, तिकडं बिलिंग्ज शहरात पोलिसात, शेरीफच्या हाताखाली डेप्युटी. उन्हाळ्यात अस्वलानं तिचं कोंबड्यांचं खुराडं उलथंपालथं केलं, तेव्हापासून त्यानं धोशा लावला होता: आई, एकटी राहू नकोस, रँच विक आणि माझ्याकडं ये. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून पार्किंग दिसायचं. व्हर्नाला पन्नास वर्षं चहाच्या कपासोबत डोंगर बघायची सवय.

भांडून भांडून ड्वेन शेवटी एका अटीवर आला. बाबांची बंदूक दिवसभर आईच्या हाताशी हवी, आणि तीही लपवून. “उघडी दिसली तर दारात आलेला पहिला चोर तीच हिसकावेल. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी जेवायला येतो. कुठं लपवलीयस ते ओळखलं, तर बॅग भरायची.”

म्हणून व्हर्ना दर सोमवारी रॉस्कोच्या दुकानात.

दुसऱ्या सोमवारी काखेतलं होल्स्टर झालं. “कोंबडी काखेत धरून फिरल्यासारखं वाटतंय,” ती म्हणाली. “आणि मान बघा, एका बाजूला कलली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते मी. पाद्रीबुवा म्हणतील, हिला लकवा मारला.”

तिसऱ्या सोमवारी घोट्याचं. ती दुकानात एक चक्कर मारून आली. एक पाऊल हलकं, एक पाऊल धप्प.

“समुद्री चाचा दिसताय,” रॉस्को हसला.

“हसा! तुम्हाला कुठं तिसऱ्या मजल्यावर जायचंय?”

रॉस्कोचं हसू मावळलं. “जाऊ देणार नाही, बाई,” तो पुटपुटला, आणि सुईत दोरा ओवायला लागला. चारदा हुकला.

चौथ्या सोमवारी छातीवरचं. नवं कातडं आधी अंगावर वागवून मऊ करावं लागतं, म्हणून ते रॉस्कोनं दोन दिवस स्वतःच घातलं होतं, तोफेच्याच वजनाचं लोखंड भरून. व्हर्ना दुकानात शिरली तेव्हाही ते त्याच्या अंगावर होतं.

“कुठंय?” तिनं विचारलं.

त्यानं ढगळ कोट बाजूला केला. भल्यामोठ्या पोटाच्या वर, निवांत.

“अगंबाई, दिसतच नाही हो तुमच्या अंगावर!”

“माझ्या अंगावर माझा पट्टासुद्धा दिसत नाही, बाई.”

तिनं घालून पाहिलं. तिच्या अंगावर ते छातीवर मांजर बसल्यासारखं दिसत होतं. दोघांनी आधी आरशात बघितलं, मग एकमेकांकडं.

त्या दिवशी व्हर्ना घरी आली ती गुणगुणतच. होल्स्टरचा प्रश्न मिटला होता.

रविवारी ड्वेन आला. दारातच त्यानं आईला करकचून मिठी मारली आणि पाठ चाचपली. कमर रिकामी. काखा रिकाम्या.

“एवढं प्रेम कधीपासून?” व्हर्ना म्हणाली. “ये, रॉस्को पण आलेत जेवायला. महिनाभर राबले बिचारे. नको का बोलवायला?”

“नमस्कार, काका,” ड्वेन म्हणाला. नजर आईवर.

टेबलावर भाजलेलं बीफ होतं, कुस्करलेले बटाटे होते. रॉस्को व्हर्नाच्या शेजारी बसला. ड्वेननं काटा खाली पाडला आणि टेबलाखाली वाकला. घोट्यांवर नुसते लोकरी मोजे.

“मीठ कमी पडलं का रे बटाट्यांत?” व्हर्नानं विचारलं.

रॉस्को उठला आणि तिसऱ्या फळीवरची मिठाची बरणी घेऊन आला. ड्वेन आईचा एप्रन न्याहाळत होता.

“आई, वरच्या कपाटातली ती निळी थाळी काढ ना.”

तिनं हात उंच करून काढली. कुठं फुगवटा नाही.

मग ड्वेननं रेडिओ लावला. “चल, नाचूया!” त्यानं आईला स्वयंपाकघरभर गरगर फिरवलं. मोलकरणीच्या हातातल्या फडक्यासारखी ती हलकी होती. कुठं काही खणखणलं नाही, आपटलं नाही. रॉस्को बसल्या जागी टाळ्या वाजवत होता, कान मात्र लालभडक.

धापा टाकत ड्वेन खुर्चीत कोसळला. बारा वर्षांची पोलिसातली नोकरी, आणि सत्तरीच्या बाईनं हात टेकायला लावले.

“हरलो, आई. राहा इथंच. पुन्हा विषय काढणार नाही, शप्पथ. पण आता दाखव. कुठंय?”

“रॉस्को, दाखवा त्याला.”

रॉस्को उठला. कोट बाजूला केला, छातीवरच्या होल्स्टरमधून हँकची तोफ काढली आणि बटाट्यांच्या भांड्याशेजारी ठेवली. टेबल हललं.

“ही लबाडी आहे!” ड्वेन ओरडला. “तुझ्या हाताशी हवी म्हणालो होतो मी! आता जेवून काका घरी जातील, मग अस्वल आलं तर काय करशील?”

“कुठल्या घरी जातील?” व्हर्नानं केकचा मोठा तुकडा त्याच्या थाळीत वाढला. “मंगळवारीच लग्न केलंय आम्ही.”