शेळीचा खुटा

धरणाखालच्या बागेत पांगारा लालभडक फुलला हुता. मी नातीला म्हनलं, "ह्ये झाड माजं. बाग न्हवती तवा शेळी बांधाया पांगाऱ्याच्या ओल्या फांदीचा खुटा मी हितं ठोकला, त्यालाच पालवी फुटली."

शुभांगी सावेडीच्या फ्लॅटात वाढलेली. म्हनली, "आजी, खुंट्याला कधी फुलं येतात का? ही पण थापच निघाली ना, तर आजपासून तुझी एकही गोष्ट ऐकणार नाही."

जन्मभर लई थापा मारल्या, पर येवढं खरं हुतं. मला बसवंना. सहादू माळ्याला हुडकत सारी बाग पालथी घातली. तवा माज्यासंगं शेळ्या राखाया त्योच हुता. गुलाबाच्या ताटव्यात घावला, तसा त्याला झाडापाशी वढत आनला.

"सहादूभाऊ, सांग हिला, खुटा कुनी ठोकला?"

"हिनंच, पोरी. मी डोळ्यानं पायलाय."

माजा जीव भांड्यात पडला. तवर सहादू रंगात आला.

"आन् झाड एका दिसात असं वाढलं, का बांधलेली शेळी बी शेंड्यावर गेली. तिला उतरवाया आमाला चार दिस लागले."