उसना ग्राइंडर

काम करताना आड येतं म्हणून मिलिसावनं लोखंड कापायच्या ग्राइंडरच्या चकतीवरचं पत्र्याचं गार्ड कधीच काढून भंगारात भिरकावलं होतं. तो ग्राइंडर आज सकाळी नवा शेजारी वुकोमान मागून घेऊन गेला, पण दिवसभर त्याच्या अंगणातून कापाकापीचा आवाज म्हणून आला नाही.

“आतली मोटर बदलत असेल मेला,” बायको स्तामेना कुजबुजली. “रकिया दारूचा पेलासुद्धा डाव्या हातानं घेतो, उजवा सदा खिशात. जाताना आपल्या भंगारातनंही काहीतरी उचललंय त्यानं!”

संध्याकाळी ग्राइंडर परत आला. मिलिसावनं उलटासुलटा करून पाहिला. मोटर तीच होती. गार्ड मात्र जागेवर घट्ट बसवलेलं होतं.

“हा आगाऊपणा कुणी सांगितला होता रे तुला?”

 

वुकोमाननं उजवा हात खिशातून बाहेर काढला. त्याला अंगठा तेवढा उरला होता.