बटण्याची तब्येत

बटण्यानं शिंप्याचा अंगठा धरला आणि कचकन दात रुतवले.

कोट चढवताना झालं हे. कोट म्हणजे कुत्र्याचा कोट. शिंप्यानं स्वतःच्या जाकिटासाठी लोकरीचं भारी कापड जपून ठेवलं होतं. बायको म्हणाली, बटण्याला थंडी वाजते, त्याला शिवा. शिवला. पण असा जळफळत शिवला की छातीत मुद्दाम दोन बोटं कमी धरली. आता एवढं आवळल्यावर कुत्रं चावणार नाही तर काय मुका घेणार?

बायको आतून धावत आली. "फार लागलं का रे?"

शिंपी सांगायला तोंड उघडतो तोवर तिनं खाली बसून बटण्याच्या गळ्याचा बंद सोडलासुद्धा.

जळायला कारणही तसंच होतं. पूर्वी दुधावरची साय शिंप्याची असायची. बटण्या घरात आला आणि साय त्याची झाली. दुपारी बायको कुत्र्याला विचारायची, "जेवलास का माझ्या सोन्या?" आणि नवऱ्याला, "झाकून ठेवलंय. घ्या." एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं शिंप्याच्या कानामागं एकदाही खाजवलं नव्हतं.

नळाखाली साबण लावून तिनं त्याचा अंगठा धुतला, दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं सुई टोचली, आणखी टोचायच्या आहेत म्हणाला. जन्मभर सुई चालवणारा माणूस, पण टोचताना डोळे मिटून घेतले त्यानं.

दवाखान्यानं कळवलं असावं. संध्याकाळी पालिकेची कुत्र्यांची गाडी दारात. जाड हातमोजे घातलेला माणूस आत आला. बटण्या मशीनखाली चिंध्यांच्या ढिगावर पसरला होता.

"याला पिसाळण्याची लस टोचलीय का? नसेल तर गाडीत घालतो. आमच्या पिंजऱ्यात राहील."

शिंपी मशीनवरचं कापड उगाच उलटंपालटं करू लागला.

कारण लस टोचून आणायचं काम त्याचंच होतं. सहा महिन्यांपूर्वी बायकोनं साखळी हातात देऊन त्याला जनावरांच्या दवाखान्यात धाडलं होतं. तो कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसला. दोन चहा प्यायला, बिस्किटं एकट्यानं खाल्ली आणि घरी येऊन म्हणाला, "टोचून आणला. हूं की चूं नाही केलं." बटण्या शेपूट नाचवत आत पळाला होता. कुत्र्याच्या लाडाला तेवढीच कात्री लावली, म्हणून शिंपी त्या दिवशी खुशीत होता.

"टोचलीय की," बायको म्हणाली. "यांनीच नेलं होतं."

शिंप्यानं मान डोलावली. मान डोलावली खरी, पण ती त्याची त्यालाच जड झाली.

"तरी दहा दिवस बांधून ठेवा, नजर ठेवा," गाडीवाला म्हणाला. "खातोय ना, पाणी पितोय ना, बघा. कुत्रा ठणठणीत तर माणूस ठणठणीत." बायको त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. तिथं दोघांचं काहीतरी बोलणं झालं.

झालं. ज्या कुत्र्याचं तोंड बघायला नको, त्याच्याच तोंडाकडं शिंपी दिवसभर बघत बसला. डॉक्टरची सुई घेतली होती, पण भीतीवर कुठं सुई असते? "पी रे बाबा, पी," म्हणत तो पाण्याचं भांडं बटण्याच्या नाकाशी धरी. बटण्यानं घास सोडला की शिंप्यालाही घास उतरत नसे. एकदा बटण्या नुसता शिंकला, तर इकडं गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला बाही उलटी लागली. स्वतःच्या हातानं तो त्याला साय चाटवू लागला. कोटाची शिवण उसवून छातीत चांगली चार बोटं वाढवली. आतून मऊ अस्तर लावलं. अंगात घालण्याआधी इस्त्रीसुद्धा केली.

बटण्या हळूहळू त्याच्याच खाटेखाली झोपायला लागला.

"मला ताप आला होता, तेव्हा एवढं विचारलं नव्हतंत," बायको म्हणाली.

"तू वेगळी, तो वेगळा," शिंपी म्हणाला. भलतंच बोलून गेला. दोन दिवस त्याला चहात साखर मिळाली नाही.

दहा दिवस झाले. गाडीवाला आला. बटण्याचे डोळे बघितले, जबडा बघितला, साखळी सोडली. "एकदम ठणठणीत," म्हणाला आणि गेला.

शिंपी मशीनशेजारी खाली बसला आणि कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून ढसाढसा रडला. मग डोळे पुसले. "अगं, एक सांगायचंय. त्या दिवशी मी याला दवाखान्यात..."

"नेलंच नव्हतंत. माहीत आहे." ती दारात सायीची वाटी घेऊन उभी होती. "सुई खाऊन आलेलं कुत्रं शेपूट नाचवत येतं होय? आणि तुमच्या मिशीला बिस्किटाचा चुरा. दुसऱ्या दिवशी मीच नेऊन टोचून आणलं. गाडीवाल्यालाही फाटकात सगळं सांगितलं होतं."

शिंप्यानं कपाळावर हात मारला. "आणि मी इथं रोज मरत होतो!"

"मरा की. कुत्र्याची एक सुई चुकवलीत, त्याची शिक्षा नको?" ती खाली बसली. वाटी पुढं केली. आवाज मऊ केला. "ये रे माझ्या सोन्या. सुटलास ना? ये."

बटण्यानं एक कान वर केला. वाटीकडं बघितलं. मग शिंप्याच्या मांडीवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटून घेतले.

तिनं पुन्हा हाक मारली. शेपूटसुद्धा हललं नाही.

ती उठली. वाटी शिंप्याच्या पुढ्यात आदळली.

"चुकलंच माझं," ती फणकारली, "पहिल्याच दिवशी सांगून टाकायला हवं होतं तुम्हाला."