हॉटपॉटमध्ये गाजर

विनी गाजर चिरायला बसली, तसा क्लिफर्ड वर्तमानपत्र टाकून उठलाच.

"अगं, हॉटपॉटमध्ये गाजर? आईला आवडायचं नाही हं."

"डॉक्टरच म्हणाले ना, त्यांच्या पोटात काहीतरी पौष्टिक जाऊ दे म्हणून," विनी म्हणाली. हॉटपॉट म्हणजे भट्टीत मंद शिजवायचं मटण-बटाट्याचं कालवण. तिने मातीच्या खोल भांड्यात मटण आणि कांदा घातला होता, त्यावर गाजराचे तुकडे टाकले. वर बटाट्याच्या चकत्या कौलांसारख्या रचल्या आणि भांडं मंद भट्टीत सरकवलं.

सासरे हॅरल्ड गेल्यापासून सासूबाई, ॲग्नेसबाई, एक शब्द बोलल्या नव्हत्या. कापडगिरणीच्या खडखडाटातही दोन माग पलीकडे ऐकू जाईल असा त्यांचा आवाज. आता खिडकीशी बसून राहायच्या. पाव पुढे केला तर कुरतडायच्या, चहा दिला तर तो गार व्हायचा. पाद्रीबाबा येऊन गेले, शेजारणी येऊन रडून गेल्या. बाई हूं का चूं करेनात.

लग्न होऊन आल्यापासून विनीने या स्वयंपाकघरात नुसते कांदे सोलले होते. हॉटपॉटला हात लावायची सोय नव्हती. तो ॲग्नेसबाईंचा, त्यांच्या आईचा, आजीचा.

दुपारभर घरात मटणाचा वास दरवळला. बटाट्याच्या कडा तांबूस झाल्यावर विनीने भांडं बाहेर काढलं. ताटली भरून सासूच्या मांडीवर ठेवली, शेजारी लाल कोबीचं लोणचं.

"आई, दोन घास खा."

ॲग्नेसबाईंनी काट्याने बटाट्याची चकती उचलली. हात थबकला. मान हळूहळू वर आली.

"गाजर?"

आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा होता. क्लिफर्डच्या हातातला कप बशीवर आदळला.

"माझ्या हॉटपॉटमध्ये गाजर घातलंस? इतकी वर्षं काय डोळे मिटून उभी होतीस इथं? मटण, कांदा, बटाटा. संपलं! सूप करायचं तर सरळ सूप करावं माणसानं! हॅरल्ड असता तर..."

त्या थांबल्या. खूप वेळ डोळ्यांतून धारा वाहत राहिल्या, आणि विनी त्यांचा हात धरून जमिनीवर बसून राहिली. मग बाईंनी नाक पुसलं, गाजराचा एकेक तुकडा वेचून ताटलीच्या कडेला लावला आणि पुटपुटत उरलेलं सगळं खाल्लं.

"तुला बजावलं होतं मी," क्लिफर्ड विनीच्या कानाशी कुजबुजला. "तिला गाजराचा किती संताप येतो, ठाऊक नव्हतं का तुला?"

विनीने ॲप्रनने डोळे टिपले.

"ठाऊक होतं. म्हणूनच तर घातलं."