दुर्मीळ केस

शल्यविभागाचे प्रमुख विद्यार्थ्यांना घेऊन अकरा नंबरच्या खाटेपाशी थांबले. खाटेवर त्यांची बायको होती. हे सिस्टरला ठाऊक होतं, फाईल घेऊन उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरणीला ठाऊक होतं. सोमवारी आलेल्या नव्या बॅचला नव्हतं. सरांनीही सांगितलं नाही.

“अशी केस दहा वर्षांत एखादी दिसते,” सर म्हणाले. “पोटात अगदी मागे, कण्याला लागून एक स्नायू असतो. त्यात पू साठला होता. पाऊण लिटर निघाला.”

तिच्या कुशीतून आलेली नळी खाटेखालच्या पिशवीत उतरली होती. मुलं वाकून बघू लागली. तिने पांघरूण वर ओढलं.

चार दिवसांपूर्वी ती सरांचा घरी राहिलेला चष्मा द्यायला आली होती. कमरेत वाकून, पाय ओढत. तरुण डॉक्टरणीने तिला तिथेच टेबलावर निजवलं आणि मांडी मागे नेऊन पाहिली. किंकाळीने अख्खी ओपीडी गप्प झाली. त्याच दुपारी स्कॅन, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. चाकू डॉक्टरणीनेच चालवला.

“पेशंट एक गुडघा पोटाशी घेऊन झोपतो, बारीक ताप असतो,” सर सांगत होते. “निदान तो स्वतःच सांगत असतो. आपल्याला फक्त कान हवेत.”

पुढे उभी असलेली मुलगी खाटेकडे वळली. “मावशी, मग इतके दिवस कुणाला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की. तीन महिने रोज. आमच्या घरातच डॉक्टर आहेत.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, काम टाळायचं असलं की बायकांची कंबर दुखते.”

“अशा माणसाला डिग्री दिली कुणी?” मागून एक मुलगा म्हणाला. सगळे हसले. सरही हसतील म्हणून त्याने त्यांच्याकडे पाहिलं.

सरांनी डॉक्टरणीच्या हातातून फाईल घेतली, उगाच दोन पानं उलटली. सिस्टर सलाईनच्या थेंबांकडे बघत राहिली.

“बाई,” सर म्हणाले, “आता जास्त बोलू नका. टाके ओढतील.”

तेवीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला पहिल्यांदाच अहोजाहो केलं होतं.

“बरं, डॉक्टर,” ती म्हणाली, आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.